मायची दोनशेपानी वही

दहावी-बारावीचे निकाल लागले, स्पर्धा परीक्षांच्या याद्या आल्या की आमच्या बीड जिल्ह्यात फाट्याफाट्यावर फ्लेक्स उभे राहतात. 'ऊसतोड मजुराच्या लेकीची गगनभरारी.' 'परिस्थितीवर मात.' फोटोत फेटा बांधलेली मुलगी आणि शेजारी हातात पेढा धरून अवघडून उभे राहिलेले आई-बाप. मला हे फ्लेक्स मनापासून आवडतात. बापाच्या नव्या सदऱ्याची घडी अजून मोडलेली नसते, ती मी दर वेळी बघते. ज्या घराकडं वर्षानुवर्षं कुणी मान वळवून पाहिलं नाही, त्या घराचं नाव रस्त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लागलं तर चांगलंच झालं.

पण मग सत्कार होतो, भाषणं होतात आणि एक वाक्य हमखास येतं. परिस्थितीनं हिला घडवलं. त्याला जोडून दुसरं येतं, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मीही त्याच वाटेनं आले. मलाही कधीमधी शाळांमध्ये बोलायला बोलावतात आणि माझ्याबद्दलही हेच बोललं जातं. ते मला मान्य नाही, आणि मी ते तिथंच उभं राहून सांगते. घाव सोसून देव झालेला दगड देवळात बसतो, म्हणून तो दिसतो. त्याच घावांनी फुटून खडी झालेले दगड रस्त्याखाली जातात. ते कुणी मोजले?

हलाखी माणसाला झिजवते. माणूस घडतो तो हलाखीच्या मुठीतनं त्याचा थोडासा वेळ सुटतो तेव्हा. त्या सुटलेल्या वेळेचं तो काय करतो, त्यात त्याचं स्वतःचं असं काहीतरी उभं राहतं. हे मला मायकडं बघून कळलं, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. मुरमाड रान, विहिरींना कसंबसं दिवाळीपर्यंत पाणी, पुढं ठणठणाट. सातबारा बहुतेकांच्या नावावर आहे, पण त्यावर वर्ष निघत नाही. म्हणून बाजरी-सोयाबीन घरात आलं आणि दसरा झाला की गाव उठतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, शेळी आणि म्हाताऱ्यांच्या हवाली करता येत नाहीत अशी तान्ही लेकरं चढतात. ट्रॉल्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं निघतात, काही थेट बेळगावपट्ट्यात. तिकडं उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल, तोड, बिल सगळं त्या कोयत्याच्या हिशोबानं चालतं.

बाहेरच्या माणसाला यातले कष्ट दिसतात. पहाटे तीनला उठणं, थंडीत पाचटानं कापलेले हात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढणं. ते खरंच आहे. पण आतल्या माणसाला त्याहून जास्त जाचते ती उचल. आषाढ-श्रावणात घरात दाणा नसतो, पोरीचं लग्न निघालेलं असतं, नाहीतर कुणाचा तरी दवाखाना लागलेला असतो. तेव्हा कारखान्यासाठी मजुरांची टोळी जमवणारा मुकादम आगाऊ पैसे देतो आणि ते हंगामभर ऊस तोडून फेडायचे असतात. म्हणजे नोव्हेंबर उजाडायच्या आधीच एप्रिलपर्यंतचे दिवस विकून खाल्लेले असतात. वैशाखात माणसं परत आली की पारावर कुणी 'किती कमावलं' असं विचारत नाही. उचल फिटली का बाकी अंगावर राहिली, एवढंच विचारतात. बाकी राहिली तर पुढच्या दसऱ्यालाही त्याच मुकादमाच्या ट्रॉलीत बसायचं.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनामागे ३६६ रुपये दर ठरला. वाढ मोठी होती, लोक खूश झाले. मायनं त्याचं गणित मांडून दाखवलं. अंग धड असेल तर जोडप्याच्या हातनं दिवसाला दोन टन ऊस तुटतो. एक लाखाची उचल असेल तर ती फिटायला २७३ टन तोडावे लागतील. म्हणजे एकही खाडा न करता साडेचार महिने. आणि पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला, कारखाना तेवढे दिवस चाललाच नाही तर?

खाडा झाला की दंड कापतात. ताप आला, कंबर धरली, बाईचे महिन्याचे दिवस आले तरी खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या आळीतल्या एका मावशीनं तिशी गाठायच्या आत काढली. महिन्याची कटकट नको, खाडे नकोत, म्हणून. तेव्हापासून तिला वाकून घर सारवता येत नाही. हलाखीनं तिचं काय घडवलं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

मायला मोजायची सवय फार जुनी. बाहत्तरच्या दुष्काळात ती परकरातली पोर होती आणि तिच्या आईबरोबर खडी फोडायला जायची. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती, त्यात या दोघी. दगड फोडून ढीग लावायचा आणि तो ब्रासवर मोजून द्यायचा. मोजणारा टेप लावायचा, आकडा बोलायचा, आणि आजी अंगठा उठवायची. दुपारी सुकडी मिळायची. त्या सुकडीबद्दल गावातली सगळी म्हातारी माणसं अजून बोलतात, मायला मात्र ढीग आठवतो. शेजारच्या बाईचा ढीग डोळ्याला आजीच्या ढिगाएवढाच दिसायचा आणि पैसे वेगळे यायचे. 'कामून?' असं तिनं आजीला विचारलं. 'आपल्याला काय कळतंय, माय,' असं म्हणून आजी पुढचा दगड फोडायला लागली.

त्याच दुष्काळानं महाराष्ट्राला रोजगार हमी दिली. मागेल त्याला काम ही वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, तिचा १९७७ मध्ये कायदा झाला. आमच्या डोंगरपट्ट्यातले कितीतरी पाझर तलाव आणि रस्ते त्या कामांवर झालेत. उपाशी मरायची वेळ त्यानं टळली, त्याचं मोल मी कधी कमी मानणार नाही. पण काम मिळालं म्हणून आपल्या कामाचा आकडा आपल्याला कळायला लागतो असं नाही. मायचं ते 'कामून' तसंच राहिलं. लग्न होऊन ती कोयत्यावर गेली तेव्हा कोपीच्या मेढीवर कोळशानं खेपांच्या रेघा ओढायची. हंगाम संपला की कोपी मोडायची आणि मेढ तिथंच पडून राहायची. चालायचा तो मुकादमाच्या डायरीतला हिशोब.

मी शिकले यात माझी जिद्द लोक सांगतात तेवढी नव्हती. थकलेल्या आज्जीला पाणी आणून द्यायला घरात कुणीतरी हवं होतं, म्हणून मला गावात ठेवलं. थोरल्या भावाला तिकडं नेलं, कारण धाकटीला सांभाळायला तो लागत होता. एवढाच फरक. माझ्यापेक्षा तो हुशार होता. दिडकी, अडीचकी त्याला तोंडपाठ होती, मला आजही अडखळायला होतं. दर वर्षी दसऱ्यानंतर त्याची शाळा सुटायची आणि तो परत यायचा तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेलेली असायची. गुरुजींनी पटावरचं नाव बरीच वर्षं टिकवलं, वरच्या वर्गात ढकललंही. पण मागच्या बाकावर बसून काहीच कळत नाही याची लाज त्याला वाटायला लागली आणि सातवीनंतर तो आलाच नाही. आज तो ट्रॅक्टर चालवतो, उत्तम चालवतो. त्याची पाढ्यांची वही माझ्याकडं आहे.

म्हणून शाळेइतकंच मला वसतिगृहाचं महत्त्व वाटतं. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतनं सुटला. विद्यापीठ यायला १९५८ साल उजाडलं. त्याआधीच, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं होतं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. कॉलेजच्या नागसेनवन परिसरात वर्गांच्या जोडीनं वसतिगृहं उभी राहिली आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली पहिली शिकणारी पिढी तिथं येऊन राहिली. फी माफ केली तरी पोरगं संध्याकाळी रोजगाराला जाणार असेल तर ते अभ्यास करणार कधी? त्याला संध्याकाळ मोकळी करून द्यावी लागते. डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं ताट मिळालं की ती मोकळी होते.

मला अशी संध्याकाळ अंबाजोगाईत डी.एड. करताना मिळाली. मुलींच्या वसतिगृहात लोखंडी खाटा, भिंतीतलं एकेक फडताळ, खिडकीला जुन्या साडीचा पडदा. ताट धुऊन ठेवलं की झोपेपर्यंत कुणाची हाक नाही. पाणी आण नाही, शेळी बांध नाही, चूल पेटव नाही. सुरुवातीला त्या वेळेचं काय करायचं तेच मला कळेना. मी झाडलेली खोली पुन्हा झाडायची. मग हळूहळू वाचायला लागले, परीक्षेला नसलेलंही वाचायला लागले. आपल्याला काय आवडतं हे त्या संध्याकाळीच पहिल्यांदा कळलं. तोवर तो प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता.

माझ्या बरोबरीच्या बहुतेक मुलींची लग्नं तेव्हा होऊन गेली होती. एकट्या पोराला उचल कमी मिळते, जोडप्याला पुरी मिळते. कोवळ्या पोरींच्या गळ्यात माळा पडण्यामागं हाही एक हिशोब असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर दहा बायांमागे चारांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. माझ्या वर्गातल्या काही मुली त्या दहातल्या चारांच्या घरातल्या आहेत, हे हजेरी घेताना मला ठाऊक असतं.

शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा मानधन महिना तीन हजार होतं आणि ते तीन वर्षं तेवढंच राहिलं. पुढं पगार पूर्ण झाला. सगळ्यात आधी मुकादमाची बाकी चुकती केली आणि त्या वर्षी आषाढात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उचल घेतली नाही. दसऱ्यानंतर ट्रॉल्या भरल्या, गाव उठलं, आमचं घर मागं राहिलं. सत्काराची भाषणं साधारण इथवर येऊन थांबतात. आमच्या घरातलं खरं अवघड मात्र यानंतर सुरू झालं.

अण्णांना घर खायला उठलं. तिकडं ते नावाजलेले गडी होते. फळीवरनं मोळी घेऊन चढताना त्यांचा पाय कधी चुकला नाही. ट्रक भरताना बुडखे कुठल्या बाजूला, शेंडे कुठल्या बाजूला आणि कुठल्या थराला आडवा ऊस टाकायचा म्हणजे माल घाटात सरकत नाही, हे टोळीतली नवी पोरं त्यांच्याकडं बघून शिकायची. गावात हे त्यांना कोण विचारणार? पारावर बसून बसून ते चिडचिडे झाले. पुढच्या हंगामाला त्यांनी पिशवी भरली. मी रडले, भांडले. आपल्याला आता गरज नाही, लोक मला काय म्हणतील, सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

'उचल न्हाई घेतली,' ते म्हणाले. 'मपल्या मर्जीनं चाललोय.'

ट्रक भरायच्या कामावर गेले, वाटेल तेव्हा खाडा केला आणि होळीच्या आत परत आले. येताना चेहरा निवळलेला होता. त्यानंतर पुन्हा गेले नाहीत. आता गावातल्या कुणाचा कडबा रचायचा असला की त्यांना बोलावतात. त्यांनी रचलेली गंजी वाऱ्या-वावटळीत हलत नाही. कोयत्याच्या दिवसांतही त्यांच्यापाशी अभिमानाचं काही होतं, हे मला त्या वर्षी दिसलं. ते त्यांना दारिद्र्यानं दिलं नव्हतं. ती त्यांच्या हातातली कला होती. हात उचलीखाली गहाण नसते तर ती आणखी कुठवर गेली असती, हा विचार मला अधूनमधून छळतो.

मायचं निराळं. तिला तीनलाच जाग यायची. उठून चूल पेटवायची आणि मग ध्यानात यायचं की फडात जायचं नाही. कधी अंगण सारवायची, कधी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मी म्हणायची, आराम कर. तिला आराम म्हणजे काय करायचं ते कळत नव्हतं आणि माझ्या बोलण्यानं ती अपराध्यासारखी बसून राहायची.

त्या वैशाखात तोडीहून परतलेली शेजारीण आमच्या ओसरीवर येऊन रडायला लागली. हंगामभर राबूनही वीस हजार अंगावर बाकी निघाली होती. मायनं तिला विचारलं, खेपा किती झाल्या? तिला सांगता येईना. आठवड्याच्या खर्चाला खर्ची किती वेळा घेतली? तेही नाही. खाडे? 'दोन-चार असतील.' माय तिच्याकडं नुसती बघत राहिली. रात्री मला म्हणाली, 'मला येक वही दे. तुपल्या पोरांना देतीस तसली. लई पानांची.'

मी दोनशेपानी वही आणून दिली. तिला अक्षरओळख नव्हती. नोटांमुळं आणि एसटीच्या तिकिटांमुळं आकडे मात्र बऱ्यापैकी कळत होते. हजाराच्या पुढचं लिहायला आणि हातच्याची वजाबाकी करायला मी शिकवलं. मन लावून शिकली. चुकलं की पान फाडायची नाही, खोडायची, आणि खाली पुन्हा मांडायची.

ती वही माझ्यासमोर आहे, म्हणून नीट सांगते. प्रत्येक कोयत्याला एक जोडपान. डाव्या पानावर घेतलेलं सगळं: उचल, आठवड्याची खर्ची, किराणा, दवाखाना. उजव्या पानावर केलेलं काम. लिहिता न येणाऱ्या बायांसाठी तिनं खुणा ठरवल्या. एका खेपेला उभी रेघ, खर्ची घेतली की चौकट, खाडा झाला की गोल. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी, म्हणजे मोजायला सोपं. नाव लिहिता येत नाही तर पानाच्या कोपऱ्यात ज्याची त्याची खूण: कुणाचा तुळशीवृंदावनाचा आकार, कुणाची कंदिलाची काच, एकीनं आपल्या म्हशीचं शिंग काढलंय. दसऱ्याच्या आधी ती प्रत्येकीला एक चाळीसपानी वही आणि दोरी बांधलेली शिसपेन्सिल देते. काट्याची पावती कशी बघायची तेही सांगते. भरल्या गाडीचं वजन, त्यातनं रिकाम्या गाडीचं वजा, राहील तो ऊस. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, असं अलीकडं बजावते. वैशाखात वह्या परत येतात. पानं चुरगळलेली असतात, त्यांवर चिकट डाग असतात, कुठं पावसानं रेघा फुटलेल्या असतात. माय चष्मा लावून एकेक पान मोठ्या वहीत चढवते.

पहिल्याच वर्षी एका घराच्या हिशोबात एक अख्खा पंधरवडा सापडेना. मुकादम आमच्या भावकीतलाच. तो ओसरीवर आला तेव्हा रागातच होता. मायनं आधी चहा ठेवला. मग म्हणाली, 'दाजी, तुमचं खोटं हाय आसं म्या म्हणत न्हाई. ही हिची रेघ बघा, ही तुमची बघा.' दोघं दुपारपर्यंत बसले. त्या पंधरवड्याचं बिल दुसऱ्याच कोयत्याच्या नावावर चढलेलं निघालं. त्यानं तिथंच डायरीत दुरुस्ती केली आणि त्या घराची बाकी निम्म्यावर आली. उठताना तो मायला म्हणाला, 'वैनी, माझी डायरी बी येकदा बघून द्या.'

मुकादमालाही एकदम वाईट म्हणता येत नाही. कोयते उचल घेऊन पळाले तर कारखान्याचं देणं त्याच्या अंगावर पडतं. त्यापायी रान विकून बसलेले मुकादम आमच्याकडं आहेत. तरीही सगळेच असे डायरी उघडून दाखवत नाहीत. एकानं वहीवाल्यांना उचल देणार नाही असं साफ सांगितलं. ऐन श्रावणात एका घराची अडचण झाली, त्यांना अनोळखी टोळीबरोबर लांब जावं लागलं. पुढच्या वर्षी त्या बाईनं वही घेतली नाही. 'मपल्यामुळं तिला तरास झाला,' हे मायनं फार लावून घेतलं. दोन दिवस वहीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्या बाईच्या मुलाला बोलावून घेतलं आणि रेघा, चौकटी, गोल सगळं त्याला शिकवलं. तो माझ्या शाळेतला.

माझ्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. तोडीला गेलेल्या आई-बापांची मुलं गावात आजी-आजोबांकडं राहतात आणि शाळेत दोन वेळचं जेवतात. शिरूर कासार तालुक्यात आर्वीच्या शांतिवनात अशी मुलं वर्षानुवर्षं शिकताहेत. सरकारनंही आता संत भगवानबाबांच्या नावानं तालुक्यातालुक्यांत वसतिगृहांची योजना आणली आहे. आमचं त्या मानानं साधं: एक वर्गखोली, स्वयंपाकाची ताई, संध्याकाळची पंगत. त्या मुलानं वर्गात खुणा दाखवल्या आणि बाकीची मुलं मागं लागली. आता रविवारी फोनचा तास असतो. माझ्या फोनवरनं एकेक जण आई-बापाशी बोलतो. जेवलीस का, अंग दुखतंय का, हे झालं की पोरं विचारतात, आठवड्यात खेपा किती, खर्ची किती? आणि वहीत लिहितात. फोनवर रडणारी लहान मुलंसुद्धा हे विचारताना सावरतात, कारण त्यांना आई-बापासाठी काहीतरी करायला मिळतं. मागं एका मुलीनं पावत्यांचे फोटो बघून विचारलं, 'बाई, लागोपाठच्या दोन गाड्यांचं वजन किलोपर्यंत सारखं कसं?' मला ते दिसलं नव्हतं. तिच्या बापानं काट्यावर जाऊन विचारलं आणि एक पावती बदलून मिळाली. ती मुलगी तोवर गणितात जेमतेम होती. त्यानंतर तिनं गणित सोडलं नाही.

नोकरी लागल्यावर समाधान मिळालं का, असं मला विचारतात. पगारानं भीती गेली. श्रावण आला की पोटात येणारा गोळा गेला, हे फार मोठं आहे, आणि ते प्रत्येक घराला मिळायला हवं. पण मी इथं कशासाठी आहे, याचं उत्तर मला नेमणुकीच्या कागदात मिळालं नव्हतं. ते मला रविवारच्या त्या तासात मिळालं. मायला तिच्या वहीत मिळालं. खडीच्या ढिगापाशी विचारलेल्या 'कामून'चं उत्तर शोधायला तिला अर्धं आयुष्य वाट पाहावी लागली, कारण तोवर तिचा एकही दिवस तिचा नव्हता. ते जर पंचविशीत मिळालं असतं तर ती आज कुठं असती? हे मी तिला एकदा विचारलंही. 'तवाचं तवा गेलं,' ती म्हणाली आणि पान उलटलं.

यंदा तिनं टक्के शिकायचं मनावर घेतलंय. दरवाढीच्या वेळी मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं, ते म्हणजे नेमकं किती, हे तिला हवं आहे. म्हणून मी वर्गात शेकडेवारी शिकवत होते तेव्हा ती मुलांमध्ये येऊन बसली. शंभराला वीस, तर तीनशे सहासष्टाला किती? मुलं गुणाकार मांडत होती, तिनं आपल्या पद्धतीनं केलं: तीनशाचे साठ, साठाचे बारा, सहाचे रुपया वीस पैसे. त्र्याहत्तर रुपये वीस पैसे. मग तिनंच पुढचं गणित घातलं. टोळीत वीस कोयते, एकेकाचे दोन टन, तर दिवसाचं कमिशन किती? दोन हजार नऊशे अठ्ठावीस, असं ती वजन पकडणारी मुलगी सगळ्यांच्या आधी ओरडली. वर्गात एकच गलका झाला. येवढे पैसे मुकादमाला!

'थांबा,' माय म्हणाली. 'त्यातनं त्येचा खर्च वजा करा. पळून गेलेल्या कोयत्याचं बी त्योच भरतोय.'

'ते किती धरायचं, आज्जी?'

मायनं पेन्सिल खाली ठेवली. 'ते त्येलाच इचारावं लागंल. रविवारी चला कोण येतंय त्येनं. वह्या घेऊन या.'